पीएचसीची जोखीम नोंदवही: क्लिनिकल वेगळी आणि कार्यालयीन वेगळी ठेवायची का?

कोरडवाहू (धागा सुरू केला)

एनक्यूएएसच्या (राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानकांच्या) तयारीसाठी तालुक्यातल्या सगळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना जोखीम नोंदवही करायला सांगितली आहे. नमुना नेहमीचाच: जोखीम, शक्यता 1 ते 5, परिणाम 1 ते 5, दोन्हींचा गुणाकार, उपाय, जबाबदार व्यक्ती. ती भरली जाते ती अशी: "आग लागणे: अग्निशामक उपलब्ध", "वीज जाणे: जनरेटर उपलब्ध", "औषध तुटवडा: मागणी केली आहे". तपासणीपुरतं ठीक आहे, पण अशा नोंदीने रात्री दोन वाजता आलेल्या रुग्णाचं काही भलं होत नाही.

आपला भाग कापूस-सोयाबीनचा. मृग लागला की सर्पदंश, पोळ्याच्या आगेमागे फवारणीची विषबाधा, उन्हाळ्यात 45 अंशांवर पारा आणि लसींचं फ्रीज, शिवाय बाळंतपणं बाराही महिने. दोन प्रश्न आहेत. वरून सूचना आहे की क्लिनिकल जोखमींची एक यादी आणि प्रशासकीय जोखमींची दुसरी यादी करा. हे बरोबर आहे का? आणि कोणत्या ओळी असायलाच हव्यात? मात्रा, संख्या, कोणी काय करायचं या पातळीवर लिहिलंत तर सगळ्यांच्या कामी येईल.

तालुक्याचा_माणूस

कोरडवाहू भाऊ, दोन याद्या करू नका. एकच उदाहरण घ्या. मण्यार चावलेला रुग्ण रात्री येतो, एएसव्ही (सर्पविषावरचा उतारा) आहे, पण औषध भांडाराच्या कपाटात. चावी औषध निर्माण अधिकाऱ्याकडे आणि ते मुक्कामी तालुक्याला. आता ही जोखीम क्लिनिकल की प्रशासकीय? पहिल्या यादीत "सर्पदंश: एएसव्ही उपलब्ध" असं येईल, दुसऱ्यात चावीचा उल्लेखच येणार नाही, आणि रुग्ण त्या दोन याद्यांच्या मधल्या फटीत जाईल.

लिहिण्याची पद्धत बदला. "सर्पदंश" ही जोखीम नाही, तो रुग्ण आहे. ओळ तीन तुकड्यांत लिहा: कशामुळे, काय घडेल, त्याचा परिणाम काय. म्हणजे "रात्री भांडाराची चावी केंद्रात नसल्यामुळे एएसव्ही सुरू व्हायला उशीर होईल, त्यामुळे श्वास बंद पडू शकतो". असं लिहिलं की उपाय आपोआप दिसतो: 10 व्हायल प्रसूतिगृहाशेजारच्या आपत्कालीन कपाटात, चावी ड्यूटी सिस्टरकडे, वापरलं की दुसऱ्या दिवशी भरपाई.

जबाबदार म्हणून व्यक्तीचं नाव नको, पद लिहा आणि त्याच्या बदल्यात कोण तेही लिहा. कंत्राटी माणूस मार्चअखेर जातो, बदल्या मे-जूनमध्ये होतात, नाव नोंदवहीत तसंच राहतं.

गुणांबद्दल एक इशारा. शक्यता 5 आणि परिणाम 1 चे पाच गुण, शक्यता 1 आणि परिणाम 5 चेही पाचच. पहिलं म्हणजे ओपीडीत खुर्च्या कमी असणं, दुसरं म्हणजे ऑक्सिजनच्या खोलीत आग. ही दोन एका रांगेत बसवणारी पद्धत मला धोकादायक वाटते. म्हणून परिणाम 5 असेल तर गुणाकार काहीही येवो, ती ओळ दर महिन्याला वाचायचीच असा नियम नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहा.

आणि नोंदवही पंचांगासारखी ऋतूने चालवा. मार्च: शीतसाखळी (लसी थंड ठेवायची व्यवस्था), उष्माघात. मे संपायच्या आत: सर्पदंश, पुराने तुटणारे रस्ते, पावसाळ्यातल्या अपेक्षित प्रसूती. जुलै: फवारणी, साथरोग. जानेवारीत एकदाच सगळं भरलं तर जुलैत कोणी उघडत नाही.

औषधखिडकी

फवारणीबद्दल लिहितो, कारण इथे हिशेब हमखास चुकतो. 2017 च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तरी अजून कित्येक ठिकाणी अशा विषबाधेत वापरायच्या अ‍ॅट्रोपिनचा साठा "मागच्या वर्षी इतका खपला" यावर ठरतो.

ऑर्गनोफॉस्फेट (कीटकनाशकांचा एक गट) विषबाधेच्या गंभीर रुग्णाला पहिली मात्रा 1.8 ते 3 मिलिग्रॅम शिरेतून. अँप्युल 0.6 मिलिग्रॅमची, म्हणजे किमान 3. छातीतली घरघर थांबेपर्यंत दर 5 मिनिटांनी दुप्पट. 3, मग 6, मग 12, मग 24. चौथी मात्रा पंधराव्या मिनिटाला पडते आणि तोवर 45 अँप्युल संपलेल्या असतात. हे 27 मिलिग्रॅम झालं. पुढे एकूण मात्रेच्या 10 ते 20 टक्के दर तासाला ठिबकातून, म्हणजे तासाला साधारण 5 ते 9 अँप्युल. जिल्हा रुग्णालय दोन तासांवर असेल तर रुग्णवाहिकेत आणखी 18 द्याव्या लागतील. एका रुग्णाला 60-65. हंगामात शंभराच्या खाली साठा आला की लाल खूण, असा किमान साठा लिहून ठेवा. दोन रुग्ण एकाच शेतातून येतात हे विसरू नका, मजूर जोडीने फवारतात.

बिघडतं कुठे, तर डॉक्टर बाहुल्या मोठ्या झालेल्या पाहून अ‍ॅट्रोपिन थांबवतात. लक्ष्य बाहुली नाही. छाती मोकळी, नाडी 80 च्या वर, वरचा रक्तदाब 80 च्या वर, काख कोरडी, हे लक्ष्य. नाडी आधीच जलद आहे म्हणून अ‍ॅट्रोपिन टाळणं हीसुद्धा चूकच. उलट्या बाजूला, रुग्ण बरळू लागला, ताप चढला, पोटातले आवाज बंद झाले तर मात्रा जास्त झाली समजा.

सगळी फवारणी ऑर्गनोफॉस्फेटची नसते हीही ओळ हवी. पायरेथ्रॉइड किंवा दुसरं मिश्रण असेल तर अ‍ॅट्रोपिन हा उतारा नव्हे. म्हणून आशाताईंना एकच निरोप द्या: रुग्णासोबत रिकामा डबा किंवा त्याचं लेबल आणा, डबा पिशवीत बांधून. कपडे काढून साबण-पाण्याने अंग, केस, नखं धुवायची. धुणाऱ्याला हातमोजे आणि खिडक्या उघड्या. अंगावर आणि श्वासातून गेलेल्या विषाला पोट धुण्याचा उपयोग नाही, तिथे वेळ घालवू नका.

निळा_अ‍ॅप्रन

औषधखिडकी सरांच्या मुद्द्याला जोड. पहिला दिवस नीट गेला म्हणून विषबाधेच्या रुग्णाला घरी सोडणं ही वेगळी जोखीम म्हणून लिहा. 24 ते 96 तासांत मान आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात आणि त्यावर अ‍ॅट्रोपिन चालत नाही. दर पाळीला एकच गोष्ट बघायची: रुग्ण उशीवरून डोकं उचलून धरतो का. उचलता येत नसेल तर लगेच संदर्भित, म्हणजे मोठ्या रुग्णालयात.

आता सर्पदंश. विदर्भात चार विषारी साप मनात धरा: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. चौघांवर एकच बहुसंयोजी एएसव्ही.

सर्वात मोठी फसगत मण्यारीची. माणूस जमिनीवर झोपलेला, रात्री चावते, दाताची खूण दिसत नाही, सूज नाही. सकाळी ओपीडीत पोटदुखी, घसा दुखतो, गिळता येत नाही, अशक्तपणा म्हणून येतो. गॅसची गोळी घेऊन परत जातो आणि दुपारी श्वास थांबतो. पावसाळ्यात ओपीडीच्या टेबलावर चिठ्ठी चिकटवा: "सकाळची अचानक पोटदुखी + पापण्या जड + जमिनीवर झोपलेला = मण्यार समजा".

घोणस-फुरसेसाठी 20 मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी. 2 मिली ताजं शिरेतलं रक्त, कोऱ्या कोरड्या काचेच्या नळीत, 20 मिनिटं न हलवता, मग एकदाच आडवी करायची. ही चाचणी फसते ती नळीमुळे. प्लास्टिकची नळी घेतली किंवा काचेची नळी साबणाने धुऊन पुन्हा वापरली तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि गरज नसताना एएसव्ही जातं. दहा-बारा कोऱ्या काचेच्या नळ्या एएसव्हीच्याच डब्यात ठेवा. किंमत नगण्य, पण नेमक्या त्याच सापडत नाहीत. एकदा रक्त गोठलं म्हणून रुग्णाला सोडायचं नाही. चाचणी पुन्हा पुन्हा करा आणि 24 तास निरीक्षण ठेवा.

विषबाधेची लक्षणं असतील तर 10 व्हायल, मोठ्यांना आणि मुलांना सारख्याच. प्रत्येक व्हायल 10 मिली पाण्यात, गोल फिरवून विरघळवायची. जोरात हलवली की फेस होतो. मग सलाइनमध्ये तासाभरात. त्वचेवरची चाचणी मात्रा देऊ नका, ती कशाचंही भाकीत करत नाही आणि वेळ जातो. अ‍ॅड्रेनॅलिन मात्र आधी सिरिंजमध्ये भरून उशाशी: मोठ्यांना 0.5 मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. रिअ‍ॅक्शन पहिल्या काही मिनिटांत येते, तेव्हा अँप्युल शोधत बसायला वेळ नसतो.

पापण्या पडत असतील तर अ‍ॅट्रोपिन 0.6 देऊन निओस्टिग्मिन 1.5 मिलिग्रॅम. नागाला चांगला गुण येतो, मण्यारीला फारसा नाही. संदर्भित करताना अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि ती दाबणारा माणूस सोबत हवा. "108 ला फोन केला" हा उपाय नव्हे. गाडी पोहोचेपर्यंत श्वास कोण देणार, हे उपायाच्या रकान्यात लिहा.

आशागट_मोर्शी_रोड

डॉक्टरसाहेब, एक विनंती. गावात दंश झाला की पहिला तास बाबा-भगताकडे जातो. भगताला शिव्या देऊन काही होत नाही. त्यालाच सांगून ठेवायचं की तुझं झालं की लगेच गाडीत बसव, आणि आरोग्यसेविकेचा नंबर त्याच्या घरी लिहून द्यायचा. पट्टा आवळून बांधू नका, कापू नका, चालवू नका, हे तिन्ही ग्रामसभेत सांगायचं. जिथे रेंज नाही तिथे कोणत्या टेकडीवर रेंज येते ते गावागावाला ठाऊक असतं, ते आशाच्या वहीत लिहा. नवी सिस्टर आली की तिला कळतं.

सूतिकागृह

प्रसूतिगृहाच्या ओळी मी लिहिते.

पहिली: आईची औषधं आणि बाळाची औषधं एकाच ट्रेमध्ये. बाळाला व्हिटॅमिन के 1 मिलिग्रॅम द्यायचं असतं, शेजारी मिथर्जिनची (आईचा रक्तस्राव थांबवायचं औषध) तेवढीच छोटी अँप्युल. घाईत मिथर्जिन बाळाला गेल्याच्या घटना जगभरच्या वैद्यकीय नोंदींत आहेत, बाळाला झटके येतात, श्वास थांबतो. "नीट वाचा" अशी सूचना लावून हे थांबत नाही. बाळाचा ट्रे वेगळ्या रंगाचा, वॉर्मरशेजारी. आईचा ट्रे खोलीच्या दुसऱ्या बाजूला. मिथर्जिन त्या ट्रेमध्येही नको, फ्रीजमध्ये स्वतंत्र डबीत, वर "बीपी जास्त असेल तर नाही".

दुसरी: ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भाशय आकुंचन पावून रक्तस्राव थांबवणारं इंजेक्शन. 2 ते 8 अंशांत ठेवायचं. मे महिन्यात टेबलावर राहिलेल्या अँप्युलचा भरवसा नाही, आणि रक्तस्राव थांबला नाही की आपण मात्रेला दोष देतो. बाळ बाहेर आल्यावर, पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री करून, एका मिनिटात 10 युनिट स्नायूत. कळा वाढवायला बाळंतपणाआधी इंजेक्शन किंवा सलाइनमधून सोडणं पीएचसीत पूर्ण बंद. नातेवाईक कितीही म्हणोत. गर्भाशय फाटलं तर आपल्याकडे शस्त्रक्रियागृह नाही, रक्त नाही.

तिसरी: बीपी वाढून आईला येणारे झटके. मॅग्नेशियम सल्फेट 50 टक्के, 2 मिलीच्या अँप्युलमध्ये 1 ग्रॅम. संदर्भित करण्याआधी दोन्ही कुल्ल्यांत खोल 5-5 ग्रॅम, म्हणजे 10 अँप्युल. डॉक्टर हजर असतील तर त्याआधी 4 ग्रॅम पातळ करून शिरेतून सावकाश. मिळून 14 अँप्युल, दोन रुग्णांचा साठा म्हणजे 28. सोबत उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट 10 टक्के, 10 मिली. गुडघ्याची प्रतिक्षिप्त हालचाल, मिनिटाला 16 श्वास, तासाला 30 मिली लघवी, यातलं एकही कमी पडलं तर पुढची मात्रा नाही.

खरी चूक होते ती वर पाठवताना. चिठ्ठीवर "इंज. मॅगसल्फ दिले" एवढंच. किती, कुठे, किती वाजता, काही नाही. वरच्या रुग्णालयात पुन्हा पूर्ण मात्रा देतात किंवा भीतीपोटी देतच नाहीत. चिठ्ठीवर वेळ घड्याळातली लिहा. आणि फोन करून पलीकडे कोणाशी बोललो त्या पदाची नोंद ठेवा.

चौथी: रक्तस्राव. 500 मिलीचा अंदाज डोळ्याने अर्ध्याने चुकतो. मोजपट्टीचं भांडं किंवा खाली ठेवायची प्लास्टिक पिशवी वापरा. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड 1 ग्रॅम, 10 मिनिटांत शिरेतून, प्रसूतीपासून तीन तासांच्या आत. तीन तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. म्हणून प्रसूतीची वेळ फळ्यावर मोठ्या अक्षरात.

शिकाऊ_सीएचओ

सिस्टर, रात्रपाळीला एकच सिस्टर असते. आई आणि बाळ दोघांनाही एकाच वेळी त्रास झाला तर नोंदवहीत काय लिहायचं?

सूतिकागृह

तेच लिहायचं, जसं विचारलंस तसं. "रात्री एकच प्रशिक्षित व्यक्ती असल्यामुळे बाळाला श्वास देताना आईचा रक्तस्राव दुर्लक्षित होईल." परिणाम 5. मंजूर पद रिकामं आहे म्हणून ओळ टाळायची नाही, उलट तीच ओळ वर पाठवायची. तोवर काय, तर प्रसूती जवळ आली की दुसऱ्या व्यक्तीला आधीच उठवायचं: क्वार्टरमधली आरोग्यसेविका, नाहीतर अटेंडंट. अटेंडंटला बाकी काही नको, तीन कामं शिकवा. पोटावरून गर्भाशय चोळणं, फोन लावणं, सलाइनची बाटली धरणं. बाळाचा श्वास पहिल्या मिनिटात सुरू व्हायला हवा, त्यासाठी बॅग आणि 0 व 1 नंबरचे मास्क दर पाळीला तळहातावर दाबून तपासायचे. डबीत बंद ठेवलेल्या बॅगेची झडप चिकटते.

शीतसाखळी

लसींच्या बाबतीत बहुतेकांचं लक्ष उष्णतेवर असतं. आपल्याकडे 45 अंश असतात, ते साहजिक आहे. पण जास्त लस गोठून वाया जाते. व्हीव्हीएम (व्हायलवरची रंग बदलणारी खूण) उष्णता दाखवतो, गोठणं दाखवत नाही. पेंटाव्हॅलेंट, टीडी, हिपॅटायटिस बी गोठली तर चौकोन पांढराच राहतो आणि मुलाला टोचलेली लस निकामी असते.

गोठते कुठे? आयएलआरच्या (लसींच्या खास फ्रीजच्या) तळाशी, आणि लस वाहकात डीप फ्रीजरमधून थेट काढलेल्या आइस पॅकला चिकटून. आइस पॅक बाहेर काढून हलवल्यावर आत पाणी खळखळलं पाहिजे, मगच भरायचे. उन्हाळ्यात घाई होते, कडक पॅक तसेच जातात. आयएलआरमध्ये गोठायला नको त्या लसी टोपलीत वर, पोलिओ आणि एमआर (गोवर-रुबेला) खाली. संशय आला तर शेक टेस्ट: त्याच बॅचची एक व्हायल मुद्दाम गोठवून वितळवा, दोन्ही हलवून शेजारी ठेवा. गोठलेलीचा गाळ लवकर खाली बसतो.

तापमान दिवसातून दोनदा, रविवारी आणि दिवाळीलाही. सुटीच्या दिवशी एकाच शाईत एकाच हाताने भरलेले आकडे म्हणजे कोणी पाहिलंच नाही. सुटीच्या दिवसाची जबाबदारी पदासह वेगळी लिहा.

वीज गेली तर झाकण उघडायचं नाही हा पहिला नियम. किती तास गेली की हलवायचं, कोणत्या शीतसाखळी केंद्रात, कोणत्या गाडीने, तिथला फोन, हे आयएलआरवरच चिकटवा. आयएलआरला चोवीस तासांत निदान आठ तास वीज मिळाली तर तो तग धरतो. प्रत्येक यंत्राला स्वतःचा स्टॅबिलायझर, एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको.

आणि विरघळवायचं पाणी. एमआर आणि बीसीजीला त्याच कंपनीचं डायल्युएंट, आदल्या दिवसापासून थंड केलेलं. व्हायलवर वेळ लिहायची, चार तासांनी फेकायची. शेवटचं एक मूल येतंय म्हणून थांबवलेल्या व्हायलमध्ये जंतू वाढतात आणि त्यातून मृत्यू होतात. 28 दिवसांची खुल्या व्हायलची सवलत या लसींना नाही.

तालुक्याचा_माणूस

लसीचा विषय निघालाच आहे तर 31 जानेवारी 2021 ची घटना सगळ्यांनी आठवावी. घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात 12 बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हँड सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं वाचली, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. त्या वेळी कोविडमुळे प्रत्येक बूथच्या टेबलावर सॅनिटायझर आला होता. जिथून थेंब द्यायचे त्याच टेबलावर दुसरी बाटली ठेवण्याची व्यवस्था राज्यभर होती. म्हणजे ही चूक कुठल्याही बूथवर होऊ शकत होती. सॅनिटायझर टेबलावरून उचलून बूथच्या दारात ठेवणं, हा उपाय कोणालाही निलंबित न करता करता आला असता.

औषधखिडकी

सहमत, पण एक प्रश्न उरतो. कारवाईची भीती असताना "थोडक्यात टळलं" अशी नोंद कोण करणार? मी म्हणतो नोंदवहीत आधी हेच ठरवा, नाहीतर बाकीच्या ओळी कागदावर राहतील.

तालुक्याचा_माणूस

बरोबर आहे. तीन गोष्टी केल्या तर नोंदी येतात. कागदावर नाव लिहायचा रकानाच नको. फक्त काय होणार होतं, कशामुळे टळलं, कोणत्या जागी, कोणत्या पाळीत. दुसरं, महिन्याच्या बैठकीत वैद्यकीय अधिकाऱ्याने आधी स्वतःच्या कामातली नोंद वाचावी. तिसरं, प्रत्येक नोंदीला पुढच्या बैठकीआधी काहीतरी बदल दिसला पाहिजे, कपाट हललं, लेबल बदललं, काहीही. नोंद करून काही बदललं नाही की तिसऱ्या महिन्यात या नोंदींची पेटी रिकामी राहते. दारू पिऊन ड्यूटी, औषध चोरी, खोटी नोंद, ही प्रकरणं या पेटीत येत नाहीत. त्यांना शिस्तीचे नियम आहेत, ते तसेच चालू द्या. दोन्हींची सरमिसळ झाली की लोक गप्प बसतात.

पर्लकोटा_पार

गडचिरोलीकडची भर. भामरागडच्या बाजूला पर्लकोटाला पूर आला की दिवसचे दिवस रस्ता बंद. तिथे संदर्भित करणं हा उपायच नसतो, म्हणून नोंदवहीत "रस्ता बंद असताना" असा स्वतंत्र रकाना लागतो.

मे महिन्यात गरोदर मातांची यादी काढायची: जून ते सप्टेंबरमध्ये अपेक्षित तारीख, त्यातल्या जोखमीच्या वेगळ्या. त्यांना तारखेआधी माहेरघरात (आरोग्य केंद्राजवळच्या मुक्कामाच्या सोयीत) आणायचं. ती येत नसेल तर कारण लिहायचं, बहुतेक वेळा घरी मागे राहणारी लहान मुलं आणि बुडणारी रोजी. ते कळलं तर काही मार्ग निघतो. "समुपदेशन केले" लिहून निघत नाही.

ऑक्सिजनचा हिशेब भिंतीवर लावा. बी प्रकारच्या सिलिंडरमध्ये साधारण 1500 लिटर. मिनिटाला 5 लिटरने 5 तास, 10 लिटरने अडीच तास. काटा 150 वर पूर्ण, 75 वर अर्धा. म्हणजे अर्ध्या सिलिंडरवर निघालेला रुग्ण 5 लिटरने अडीच तासच टिकतो. रेग्युलेटर उघडायचा पाना सिलिंडरलाच साखळीने बांधा. कॉन्सन्ट्रेटरला वीज लागते, पुरात नेमकी तीच नसते.

दुसरी ओळ सिकलसेलची. राष्ट्रीय निर्मूलन मोहीम 1 जुलै 2023 पासून सुरू आहे, सोल्युबिलिटी (प्राथमिक रक्ततपासणी) चाचण्या भरपूर होतात. पण ही चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळात आणि नुकतंच रक्त चढवलेल्यात चुकते. पॉझिटिव्ह आल्यावर एचपीएलसी या पक्क्या तपासणीचा निकाल गावात परत पोहोचला का, याची नोंद कोणाकडे आहे? निकाल तालुक्याला पडून राहिला तर मूल "अंगदुखी" म्हणून ओपीडीत डायक्लोफेनॅक घेत राहतं. सिकलसेलच्या मुलाला ताप, छातीत दुखणं, दम लागणं, डाव्या बरगडीखाली गोळा, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी वर. कार्ड लाल रंगाचं करा, म्हणजे केस पेपरच्या रांगेतच दिसेल.

निळा_अ‍ॅप्रन

सुई टोचण्याची ओळ कोणी लिहिली नाही, थोडक्यात लिहितो. टोचल्यावर पिळायचं नाही, चोखायचं नाही, साबण-पाण्याने धुवायचं. पीईपीचा (एचआयव्हीची लागण टाळायच्या औषधांचा) पहिला डोस शक्यतो दोन तासांत, 72 तासांनंतर उपयोग नाही, कोर्स 28 दिवसांचा. पहिला डोस केंद्रातच ठेवा, एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्र जिल्ह्याला असतं. बहुतेक सुया टोचतात त्या टोपण परत लावताना आणि भरलेला पांढरा डबा दाबून बसवताना. डबा पाऊण भरला की बंद. सफाई कामगारांचं हिपॅटायटिस बीचं लसीकरण झालं आहे का ते पाहा, ते यादीत नेहमी शेवटी असतात.

कुत्रा चावल्याच्या डोसांचंही पाहा. दिवस 0, 3, 7, 28 मधला एखादा रविवारी येतोच आणि ओपीडी बंद म्हणून रुग्ण परत जातो. लस त्या दिवशी ड्यूटी सिस्टर देईल हे आदेशात लिहा. जखम खोल असेल तर इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडं) जखमेत लागतं, पहिल्या लसीपासून सात दिवसांच्या आत. ते ज्या रुग्णालयात मिळतं तिथे रुग्ण पोहोचला का, हे आशाने दुसऱ्या दिवशी विचारायचं.

शीतसाखळी

ऑटोक्लेव्हची एक गोष्ट राहिली. ड्रमची भोकं आत ठेवताना उघडी, बाहेर काढल्यावर बंद. उलटं झालं की वाफ आत जातच नाही आणि ड्रम गरम असल्यामुळे सगळ्यांना निर्जंतुक वाटतो. 121 अंश, 15 पौंड दाब, गुंडाळलेल्या साहित्याला 30 मिनिटं. वेळ मोजायची ती दाब पूर्ण चढल्यावर, स्विच लावल्यापासून नव्हे. प्रत्येक ड्रममध्ये मधोमध इंडिकेटर पट्टी.

आगीबद्दल: 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाच्या आगीत 10 बाळं गेली. "अग्निशामक उपलब्ध" या नोंदीऐवजी हे तपासा: वॉर्मर, ऑटोक्लेव्ह आणि गीझर एकाच वायरवर आहेत का, रात्री मागचं दार कुलूपबंद असतं का, आणि अंधारात बाळांना उचलून कोण कोणत्या दाराने जाणार.

कोरडवाहू

सगळ्यांचे आभार. एकच यादी करतोय. पहिल्या पानावर सध्या या ओळी: भांडाराची रात्रीची चावी, अ‍ॅट्रोपिनचा किमान साठा 100, कोऱ्या काचेच्या नळ्या, आई-बाळाचे वेगळे ट्रे, रात्रीची दुसरी व्यक्ती, सुटीच्या दिवशीचं तापमान, संदर्भ चिठ्ठीवर वेळ-मात्रा, सिकलसेलचे परत न आलेले निकाल. आठच ठेवल्या आहेत, बाकी दुसऱ्या पानावर.

एक शंका. दुसरी व्यक्ती आणि कपाटासारख्या गोष्टींना पैसे लागतात. वर पाठवून महिने जातात.

तालुक्याचा_माणूस

कपाट, ट्रे, नळ्या, साखळी, मोजपट्टीचं भांडं हे रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून होतं, त्यासाठी वर जायची गरज नाही. समितीच्या बैठकीत नोंदवहीचं पहिलं पान वाचून दाखवा, सरपंच-सदस्यांना चावीची ओळ लगेच कळते. ठरावात वस्तू, नग आणि नोंदवहीतला ओळ क्रमांक लिहा, लेखापरीक्षणात प्रश्न येत नाही. पदं भरणं मात्र वरचं काम. ती ओळ तालुक्याच्या मासिक आढावा बैठकीच्या इतिवृत्तात घ्यायला लावा, आणि पद भरेपर्यंत दर महिन्याला त्याच क्रमांकाने पुन्हा घ्या. मे संपायच्या आत चावी, नळ्या आणि अ‍ॅट्रोपिन एवढं झालं पाहिजे, ट्रे आणि भांडी जूनमध्ये चालतील.